मागच्या बाकावरची वही

वही माझ्याकडे असते, निळ्या पुठ्ठ्याची.
दर रविवारी दहाला पाच कमी असताना
सगळ्यात मागच्या बाकावर उघडून ठेवते.
पेन दोऱ्याने बांधलेलं;
पेनं चर्चमधूनही जातात.

पालकाचं नाव, मुलाचं नाव, सही.
महिन्यातून दोनदा, सलग दोन वर्षं.
मग फादर फॉर्मवर शिक्का मारतात
आणि चार वर्षांचं पोर
कालव्यापलीकडच्या सेंट वेरबर्ग शाळेच्या
तिसऱ्या निकषात बसतं.
पहिला : ज्यांचं पालकत्व सरकारकडे आहे.
दुसरा : ज्यांचं भावंड आधीच आत आहे.
तिसरा आमचा. म्हणजे देवाचा.
चौथ्यात उरलेले सगळे,
उंबऱ्यापासून फाटकापर्यंत सरळ रेषेत मीटरने मोजलेले.
(रेषेला कालवा आडवा येत नाही. पोरांना येतो.)

एकोणीस वर्षं बघतेय.
सप्टेंबर लागला की नवे कोट येतात.
कधी उठायचं, कधी बसायचं
हे बाप शेजारच्याकडे बघून ठरवतात,
स्तोत्राला नुसते ओठ हलवतात.
कॅलम ऑग्डेनने तर पहिल्याच दिवशी विचारलं,
‘उशिरा आलो तर अर्धी हजेरी धरता का?’
त्याच्या लेकीने बाप्तिस्म्याच्या पाण्याला लाथ मारली,
त्या सकाळीतलं तेवढंच मला खरं वाटलं.

एप्रिलच्या मध्यावर शाळेची उत्तरं येतात
आणि पुढच्या रविवारी बाक ऐसपैस.
गरज सरते. वैद्य काही मरत नाही,
मेणबत्त्या विझवतो, सांडलेलं मेण खरवडतो,
सप्टेंबरची वाट बघतो.

मी वाईट वाटून घेत नाही.
चांगल्या शाळेजवळ घर घ्यायला पैसे पडतात,
आमच्याकडे फक्त रविवारची झोप.
आणि थोरल्यासाठी मीसुद्धा अशीच आले होते,
उसना कोट घालून.
ती वही आता कुणाकडे नाही.

पण अबेना ओफोरी.
वृद्धाश्रमात रात्रपाळी, शनिवारची हमखास.
सकाळी आठला सुटते, आणि रविवारी तिकडून बस नाही.
म्हणून ती बुधवारी येते,
साडेनऊच्या उपासनेला, जिथे आम्ही पाच जण
आणि हीटर बंद.
कामाचा गणवेश तसाच, मांडीवर क्वेकू,
स्तोत्र म्हणते ते पुस्तक न उघडता.

बुधवारी वही नसते.
नियमात लिहिलंय, रविवारची मुख्य उपासना.
देव भावाचा भुकेला असेल;
प्रवेश समिती हजेरीची.

जानेवारीत, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री
वही घरी आणली, स्वयंपाकघरात उघडली.
लागतात अठ्ठेचाळीस. तिच्या होत्या अकरा.
पेन हातात, तुटका दोरा लोंबत.
तिच्या सहीतला पहिला गोल ओ
मी विजेच्या बिलामागे सात वेळा गिरवला.
सातवा हुबेहूब आला.

बिल फाडलं.
सरळ कागद घेऊन पत्र लिहिलं,
बुधवारच्या चौघांच्या सह्या घेतल्या,
ठार बहिऱ्या एन्टविसलना वाचून दाखवलं, ओरडून.
फादरनी खाली आपलं नाव घातलं, वर बघितलं नाही.
समितीचं उत्तर दोन ओळींचं.
दुसऱ्या ओळीत आभार होते.

ऑग्डेनांच्या पोरीला जागा मिळाली.
क्वेकूला पेट्रोल पंपामागची शाळा.
पुढच्या बुधवारी मी दाराकडे पाठ करूनच बसले होते.
ती आली, नेहमीच्या जागी टेकली,
बूट सैल केले.
क्वेकू माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘ती निळी वही कुठाय?’
त्याला चित्र काढायचं होतं.

कपाटातून काढून दिली.
त्याने सप्टेंबरचं कोरं पान निवडलं,
सहीच्या रकान्यात बस काढली,
चाकं शेजारच्या रकान्यात गेली.

यंदा नव्या कोटांनी विचारलं, हे काय?
मी म्हटलं, कडेने करा सह्या.