तीन ते पाच वर्षे

कुतैसीच्या बाजारात, चीज विकणाऱ्या बायकांच्या रांगेमागे
माझं दुकान. रुंदी दोन हात, लांबी आठ.
खोक्यांवर वयं छापलेली असतात,
लोक ती वाचतात औषधाच्या बाटलीवरचे थेंब वाचावेत तशी.

"हुशार होईल ना यानं?" रोज कुणीतरी विचारतं.
मी म्हणते, ठोकळा आहे हो.
उचलता येतो, एकावर एक ठेवता येतो, पाडता येतो.
पाडण्याचे पैसे मी वेगळे घेत नाही.

बॅटरीवर इंग्रजी बोलणारी बदकं दर्शनी ठेवते
कारण ती खपतात, आणि वीजबिल मलाही येतं.
पण कुणी अडून उभंच राहिलं
तर गल्ल्याखालून काढते ती फळी:
कडी, कोयंडा, बटण, चेन, एक खराखुरा नळ.
ओतिया सुताराची. कडा तो स्वतःच्या गालावर घासून बघतो,
आणि म्हणून शनिवारी दाढी करत नाही.

जुम्बेर आला तेव्हा दुपार टळली होती.
मिनीबस चालवतो. हाताला डिझेलचा वास,
म्हणून कशालाही शिवत नव्हता.
मुलगी तेकले, साडेतीन वर्षांची.
बायको इटलीत, बारी शहरात, कुणा म्हातारीला सांभाळते.
"वही हवी. लिहायला शिकवणारी. नेस्ताननं सांगितलंय."

पहिली उघडली. परदेशी, गुळगुळीत.
उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, पानंच्या पानं.
मी मिटली.
आपल्या तेहतीस अक्षरांत सरळ रेघ शोधून दाखव बरं.
कुणाला पोट, कुणाला शेपूट, कुणाला नुसताच आकडा.
कवायत शिकवून पोरीला नाचायला पाठवतोस?

दुसरी वही टिंबांची. अक्षर एकही नाही.
गोगलगायीपासून कोबीपर्यंत वाट,
मधमाशीच्या घिरट्या,
लाट, लाट, लाट, मग होडी.
त्यानं बोट शर्टाला पुसलं आणि टिंबांवरून फिरवायला लागला,
जीभ दातांत धरून. चाळिशीचा बाप्या.
मागे गिऱ्हाईक खोळंबलं. खोळंबू दे.

फोन वाजला. पडद्यावर नेस्तान, डोक्याला फडकं,
मागे कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या निळ्या फरशा.
"दाखव." त्यानं पानं उलटली.
ती बराच वेळ गप्प, मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणाली, "दोन घे."

दोन कशाला? एकच तर लेक आपल्याला.

"सिन्योरासाठी. झटका आल्यापासून उजवा हात
सूप अंगावर सांडतो. डॉक्टर म्हणतात, काहीतरी गिरवायला द्या.
इथं आणून दिली एक, ससे होते, भिंतीवर फेकली.
मी काय बाळ आहे का, म्हणाली."

आणि गोगलगाय चालेल? मी मध्येच तोंड घातलं.
नेस्तान हसली. "गोगलगायी ती खाते, लसूण घालून."

वरच्या कव्हरवर ठळक छापलेलं: तीन ते पाच वर्षे.
एका वहीवरची किमतीची चिठ्ठी मी नखानं सोडवली
आणि त्या आकड्यांवर चिकटवली. दाबून.
अक्रोडांच्या पिशवीत, चीजच्या वर नको, असं बजावलं.
बस गुरुवारी सुटते, चार देश ओलांडते.

महिन्याभरानं जुम्बेरनं फोटो दाखवले.
तेकलेची रेघ वाट सोडून, पान सोडून
टेबलावर उतरलेली, तिथून बहुधा भिंतीकडे.
इमाकोलाता बाईंची कापत कापत निघाली
ती अर्ध्यावर थांबलेली, तिथं कॉफीचा डाग.
कोबी दोघींनाही लांब राहिला.
"रोज संध्याकाळी फोन लावतात," तो म्हणाला,
"एकमेकींची भाषा येत नाही. पान वर धरतात.
तेकले रागावते तिला. सांगते, पुन्हा कर."

मग जरा घुटमळला.
"जाड पेन्सिल आहे का? तीन कोनांची,
बोटांत फिरत नाही ती?"

कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
दोन दिल्या, आणि टोक करून दिलं.