तीन फ्रेम

संकेश्वराच्या खाली, जुन्या बंधाऱ्यापलीकडं
हिरण्यकेशी उन्हाळ्यात गुडघाभर उरते
आणि गोट्यांचा एक लांबट पट्टा उघडा पडतो,
डुंबून आलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.
तिथं मी पोटावर पडून असते, पहाटे साडेपाचपासून,
दिवसाला नऊशे रुपये भाड्याची लेन्स
बाबांच्या जुन्या धोतराच्या घडीवर टेकवून.

एरवी मी माणसांचे फोटो काढते.
पासपोर्ट, बसपास, लग्नं.
हनुवटी खाली, कान दिसू देत, हलू नका.
सगळे हलतात.

चिखल्या धावते तेव्हा दिसते, थांबली की नसते.
चिमणीएवढा जीव, गळ्यात काळी पट्टी,
डोळ्याभोवती हळदीचं वळं.
चार अंडी, गोट्यांत गोटे.
रविवारी मी त्यांच्यावरून पाय टाकून गेले होते
आणि मला कळलंही नव्हतं.

सोमवारी तिनं मला पंख मोडून दाखवला.
फरफटत, लंगडत, वाळूवर डावा पंख पसरून,
इतकं खरं की मी तिच्यामागं गेले,
चाळीस फोटो काढले त्या खोट्या दुखण्याचे,
आणि पुरेशी लांब आल्यावर ती
पदर झटकावा तशी उठली, उडाली.
वीस वर्षं मी पाठवणीचं रडणं टिपतेय.
कुठलं खरं, मला अजून सांगता येत नाही.

बुधवारी तीन फुटली.
काडीवर अडकलेला कापूस,
अंग सुकायच्या आत चालायला लागलेला.
एक बारीक 'पिऊ' आली की
जिथं असतील तिथं गोटा होतात.
असं गिऱ्हाईक माझ्या स्टुलावर कधी बसलं नाही.

गुरुवारी अडिवेप्पा ट्रॅक्टर घेऊन आला.
वाळूला. दिवे न लावता.
मला बघून तो दचकला, त्याला बघून मी.
त्याची वाळू चोरीची होती,
आणि घरट्यापासून सात फुटांवरची माझी जागाही.
उतरला, गोट्यांकडं बघत राहिला, म्हणाला,
"मरी अदाव री."
पिल्लं आहेत हो. एवढंच.
जन्मभर कानडी ऐकलेला माझा कान,
पण त्या पहाटे तो शब्द आधी मराठीत पडला
आणि मान आपोआप नदीकडं वळली.

वरून पाणी सोडलं होतं. उसाचं.
भोंगा नाही, लाट नाही;
नुसता एक कोरडा गोटा ओला झाला,
मग त्याच्या शेजारचा.
तीन पिल्लं हाकेमागं उंचाकडं निघाली.
चौथं अंडं तिथंच. टोचा पडलेलं,
आतून कुणीतरी दार वाजवत होतं.
नर त्याच्यावर बसून राहिला, पोट भिजेपर्यंत.

कॅमेरा वेळ लिहून ठेवतो.
सहा बेचाळीस, आठ सेकंद.
मग एकोणीस. मग तेहेतीस.
तीन फ्रेम. तिन्ही लख्ख.
पुढचे फोटो नाहीत,
कारण पुढं मी अडिवेप्पाच्या पाटीत गोटे भरत होते
आणि तो गुडघ्यावर बसून अंड्याखाली
वीतभर उंच ओटा रचत होता,
वाळू उपसायच्या त्याच हातांनी,
मला कानडीत शिव्या घालत:
बारीक आण, आणखी बारीक.

नर परत बसला का, बघायला थांबता आलं नाही.
हुक्केरीत अकराचा मुहूर्त होता,
नवरीच्या मामाचे सहा फोन येऊन गेलेले.
अक्षता पडल्या तेव्हा माझ्या चपलेत वाळू होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं.
ओटा नव्हता. गोटे होते,
सगळे जागा बदलून तसेच दिसणारे.
पलीकडच्या काठाला चिखल्या धावत होती,
मागं पिल्लं: दोन म्हणावीत, थांबली की एकही नाही,
मग तीन, एकदा मला चार वाटली.
लेन्स मी आदल्या दिवशीच परत केली होती.

आता गिऱ्हाईक स्टुलावर बसतं,
हलू नका, म्हणते मी, आणि बोट बटणावर अडतं.
आठपासून तेहेतीसपर्यंत
मनात मोजून होतं.
"झाला का, ताई?"