थंड टायरची हवा

सावदा सोडलं की भुसावळच्या अंगाला
वजनकाट्याला लागून सायबू तडवीचं दुकान.
पाटी नाही. लिंबाला टांगलेला ट्रकचा टायर,
त्यावर चुन्यानं एकच शब्द: हवा.

मी म्हटलं, चारही बदलायचेत.
त्यानं आधी माझ्या चपलांकडे पाहिलं.
"टाचा बाहेरून झिजते तुमची, मॅडम.
गाडीचंबी तसंच. अलाइनमेंट
दोघींचंबी करा लागीन."

मग खिशातला रुपया
नक्षीच्या खाचेत उभा धरला.
आकडा अख्खा दिसला.
"गेला," म्हणाला,
वाड्याशेजारचं कुणी गेल्यासारखं.
बाजूच्या भिंतीवरून अंगठा फिरवला,
भेगा. "दिवसभर उन्हात उभी करता?"
दवाखान्याबाहेर, मी म्हटलं, सावलीची जागा डॉक्टरांची.
दिवसाला साठ नळ्या रक्त तपासते मी.
माझं काही कुणी इतकं निरखून
बघितल्याचं आठवत नाही.

त्याला चुडामणचा फोटो दाखवला.
माझा भाऊ, पाच वर्षं बर्फाच्या देशात.
तळघरात चार टायर रचलेले,
प्रत्येकावर खडूनं त्याचं जुनं अक्षर:
डावा पुढचा, उजवा मागचा.
तिथं हिवाळ्याचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे,
ऑक्टोबर सरला की सगळा गाव
जॅक घेऊन गुडघ्यावर.

सायबूनं दोन बोटांनी फोटो ताणला,
बारीक बारीक चिरा मोजल्या.
"रबर नरम असीन."
हो. थंडीत कडक होत नाही.
"अन् आपल्याकडे आणला तर?"
मे महिन्यात खोडरबरासारखा झिजेल.
"अन् आपला तिकडे?"
दगड होईल.
तो बराच वेळ फोटोच बघत राहिला.
त्याचा थोरला सुरतला असतो
हे मला फार नंतर कळलं.

माळ्यावरून तीन टायर खाली आले.
पहिल्यावर चार आकडे, आठवडा आणि साल:
"स्वस्त आहे, पण तीन उन्हाळे
पत्र्याखाली बसून खाल्ले यानं."
दुसरा रुंद, दिसायला झोकदार.
"हा लग्नातल्या गाडीले. तुम्ही रोजच्या."
तिसऱ्यावर हात ठेवला, बोलला नाही.
भाव मी केला. दोनशे उतरले,
तेही चहा येईपर्यंत.

साबणाचं पाणी. पहार. कंप्रेसरची घरघर.
काठ रिमवर बसला तो असा फाटकन
की केळीच्या ट्रॅक्टरवरचं पोरगं उडालं
आणि मग स्वतःच हसलं.
शिशाचे इवले तुकडे ठोकून
चाकाचा तोल. बोल्ट समोरासमोरचे कसले,
"लागोलाग कसले का चाक तिरकं बसते."

निघताना म्हणाला,
"बत्तीस ठेवा. पण मोजाची पहाटे,
गाडी हलवायच्या आधी.
गरम टायर खरं सांगत नाही."

जानेवारीत चरका पडला.
रात्रभर बांधाबांधांवर धूर,
केळीची पानं कडेनं काळी.
पावणेसहाला अंगणात मी
शाल गुंडाळून गुडघ्यावर,
हातात साडेतीनशेचा मीटर.
एकोणतीस. एकोणतीस. तीस.
थंडीनं हवा आकसली होती,
सायबू म्हणाला होता तशीच.
डावा मागचा मात्र चोवीस.

चुडामणला फोटो टाकला, तिथं मध्यरात्र.
लगेच उत्तर: खिळा बघ.
झोपला नाहीस?
बर्फ काढत होतो गाडीवरचा, म्हणाला,
सकाळी वेळ मिळत नाही.

खिळा नव्हता.
थुंकी लावून बघ म्हणाला, लावली:
व्हॉल्वच्या तोंडाशी एक बुडबुडा,
फुगून, थांबून, फुटणारा.
आणि तिथली टोपीही नव्हती.
ती सापडली दुपारी,
पर्समध्ये, सुट्ट्या पैशांत,
रुपया समजून मी जी
नर्सबाईंना चहाला देत होते.