कानाडोळा

साकातात बर्फ वरून पडत नाही, आडवं येतं.
बातम्याही तशाच यायच्या आमच्या टेबलावर,
संध्याकाळी सहानंतर, तिरक्या, धापा टाकत.
एकतीस वर्षं मी त्या सरळ केल्या.
तांबडी पेन्सिल, लोकरी शाल, पायाशी रॉकेलची शेगडी.
एका ठिपक्याकडेही कधी कानाडोळा केला नाही.

लोक कुठं चुकतात, सांगून खरं वाटायचं नाही.
शब्द बरोबर, क्रम बरोबर,
अर्थ तेवढा उलटा अंगात घातलेला,
शिवण बाहेर.

मासळीवाल्या इकारींच्या मृत्युलेखात मित्रानं लिहिलं,
'ज्याच्यापाशी मन ठेवता येत नाही असा माणूस.'
दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाईंचा फोन:
आमचे हे भरवशाचे नव्हते, असं छापता?
म्हटलं, बाई, बोलायची जुनी रीत आहे.
मन आवरून सावरून ठेवावं लागत नाही ज्याच्यापुढं,
तो.
पलीकडे बराच वेळ नुसती नळाची धार.
मग म्हणाल्या, हो. होता खरा तसा.

आणि परवा, माझ्या निरोपाला,
माझ्या खुर्चीवर येणारा नोनोमुरा, कोवळा, घामेजलेला,
माइक धरून म्हणाला,
'ही जागा मला तोकडी आहे.'
म्हणायचं होतं, मीच तोकडा आहे.
संपादक खोकले. कुणीतरी घाईनं बिअर ओतली.
माझा हात सवयीनं कानामागं गेला. पेन्सिल नव्हती.
बरंच झालं. खूण करणार कुठं होते, त्याच्या कपाळावर?

एक वाक्य मात्र छापलंच गेलं नाही कुठं.

जानेवारी. माझा भाऊ मित्सुगु दाराच्या पायरीवरच बसलेला,
बूट न काढता.
माकुळाच्या होडीचं इंजिन गेलेलं,
तीन लाख येन, पुढल्या हंगामात परत.
कात्सुहिकोनं चहावर फुंकर घातली, म्हणाला,
वाडवडील सांगून गेलेत,
दया समोरच्यासाठी नसते.
म्हणजे, दिलं तर तूच बिघडशील.

निम्मा देश ही म्हण अशीच वापरतो.
मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात
एका नगरसेवकाच्या भाषणात मी ती दुरुस्त केली होती,
समासात, बारीक अक्षरात:
समोरच्यासाठी नसते, कारण फिरून ती आपल्याच दारी येते.
म्हणून करावी.

किटली माझ्या हातात होती.
कपाटात पैसे होते, शिवणयंत्रासाठी साठवलेले.
चुकीचा अर्थ इतका चपखल बसला त्या खोलीत
की मी तो तसाच जाऊ दिला.

मित्सुगुनं मान डोलावली. म्हणीशी कोण भांडणार.
बुटांचे बंद बांधत राहिला कितीतरी वेळ,
आधीच बांधलेले.

नववर्षाची कार्डं येत राहिली,
हाचिनोहेहून, मग मुरोरानहून,
छापील शुभेच्छा, हातचं अक्षर नाही.
सहा वर्षांनी तीही थांबली.

आता दुपारी वेळ असतो, काढून बसते.
पत्ता बरोबर, माझं नाव बरोबर.
कितीदा तपासलं, एकही चूक नाही.

काल नोनोमुराचा फोन होता.
विचारत होता, त्या दयेच्या म्हणीचा नेमका अर्थ काय?
मी सांगितला.
आवाज चढला असावा माझा,
कारण तो म्हणाला, थांबा,
लिहून घेतो, सावकाश सांगा.