खांद्यापर्यंत

गुरुवारी मी डोकी उचलतो.
गेंटमध्ये, लेये नदीच्या काठी,
पूर्वी जवसाचे गठ्ठे ठेवत त्या गोदामात.
एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे,
न्हाऊ घालताना तान्ह्याला धरतात तसं.
संगमरवर असला की गारवा कोपरापर्यंत चढतो.
भाजलेली माती बिचारी हलकी.
प्लास्टरचं काय, दिवसभर बोटं पांढरी.

लॉट साठ : बिशप, ओठ घट्ट मिटलेले.
लॉट एकसष्ट : मुलगी, वय सात-आठ, नाक गेलेलं.
नाक गेलं की किंमत निम्मी,
आणि हे काही दगडापुरतंच नाही, असं
आमच्या डेलफोर्टबाई
हातोडी पुसता पुसता म्हणतात.

तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून
ओडिलॉन वर्मेर्श, फलक क्रमांक सतरा.
ब्रुग्ज वेशीपाशी चव्वेचाळीस वर्षं न्हावी.
चेहऱ्यांकडे तो बघायचाच नाही.
बुधवारी, मांडामांड चाललेली असताना यायचा
आणि सगळ्यांच्या मागून फिरायचा,
भिंतीकडच्या बाजूने,
जिथे घडवणारा सहसा अंगचोरी करतो.
"ह्या सेनापतीच्या मानेवरून वस्तरा फिरलेलाच नाही."
"हिचा भोवरा बघ, जरा डावीकडे.
ज्यानं केली, त्यानं ही पोर खरंच पाहिली होती."

त्या पोरीसाठी त्यानं पाकिटात तीनशे युरो आणले होते.
तीनशेवीसपर्यंत गेला,
वरचे वीस ट्रामच्या पासाचे.
मग टेलिफोनवरचं कुणीतरी,
नाव नाही, गाव नाही, भोवऱ्याचा पत्ता नाही,
थेट पाचशे म्हणालं.
सतरा नंबर गुडघ्यावर पालथा पडला.

पुढचा लॉट कुणालाच नको होता.
प्लास्टरचा एक माणूस, अनोळखी,
डावा कान उजव्यापेक्षा बोटभर वर.
चाळीस एकदा. चाळीस दोनदा.
सतरा नंबर हळूच उलटा झाला.

पोचवायला मीच गेलो.
ट्राममध्ये प्लास्टरचा माणूस माझ्या मांडीवर,
समोरच्या बाईंनी त्याला जागा द्यावी की नाही
याचा दोन थांबे विचार केला.
दुकान बंद, खुर्च्या मात्र चारही जागेवर,
आणि फळीवर, आरशाकडे तोंड करून, अकरा जण.
ओडिलॉननं बाराव्याला बसवलं, मान पुसली,
गोल आरसा हातात घेतला,
मागे धरला, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे,
आणि विचारलं, "ठीक आहे?"
मी हसलो नाही.
"चव्वेचाळीस वर्षांत," तो म्हणाला,
"नाही असं कुणी म्हणालं नाही.
स्वतःचं मागचं बघून माणसं गप्प होतात."

फेब्रुवारीत अँटवर्पहून त्याच्या पुतणीचा फोन आला.
पेटीला आम्ही चौघांनी खांदा दिला :
पुतणीचा नवरा, पाववाला, ट्रामचा एक निवृत्त वाहक आणि मी.
बारा जणांना खांदे होते,
पण घडवणाऱ्यानं त्यांना तिथेच थांबवलेलं.

आज ते परत आलेत, एका खोक्यात दोन,
मधे त्याचेच पांढरे टॉवेल.
डेलफोर्टबाई चष्मा खाली ओढून नोंदी करतायत.
"ह्या कानामागे काय साचलंय?"
म्हटलं, जुना काही लेप असेल.
त्यांनी तसंच लिहिलं : जुना लेप, मूळचा असण्याची शक्यता.

त्या चहाला गेल्या तेव्हा
वरच्या, चुकलेल्या कानामागे
मी ओलं बोट लावलं.

फेस आला.