दरपत्रक

खणातल्या सगळ्या पावत्या काढून बसलेय.
लाँड्रीची गुलाबी, पातळ:
रंग गेल्यास जबाबदारी आमची नाही.
ब्लाउजवाल्या कर्णिकबाईंची, वहीचं पान फाडून:
ट्रायलला बोला, नंतर ऐकून घेतलं जाणार नाही.
घड्याळवाल्याची: तीन महिन्यांनी वस्तू मिळेलच असं नाही.
सबंध भायखळा असा अटींवर उभा
आणि मी,
कॅमेऱ्याचे सतरा हप्ते बाकी असताना
हळदणकरांना म्हणाले होते,
"द्या हो काहीही."

त्यांनी दिलं.
पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, आत पाचशे.
चाळीस वर्षांच्या संसाराचा एकच फोटो,
बारा बाय अठरा, मॅट, जाड पुठ्ठ्यावर.
लॅबचं बिल सहाशे चाळीस.
काकूंनी वर बेसनाचे लाडू बांधून दिले.
ते मी पुलावर उभी राहून खाल्ले.
चांगले होते, हाच वैताग.

म्हणून अट पहिली:
काहीही हा आकडा नाही.

मग हिशोब. आठ बाय बारा, कागद नव्वद.
फोर्टातल्या लॅबला जाऊन येऊन अर्धा दिवस.
मामाच्या झेरॉक्सच्या दुकानामागची खोली, तासाला दोनशे
(मामा भाडं घेतो. मामाला दर सांगता येतो.)
आणि तो पाऊण तास,
मी नुसती बोलत बसते
नळाला पाणी किती वाजता येतं, गुडघे कसे आहेत,
समोरच्याचे खांदे खाली येईपर्यंत,
तो कुठल्या रकान्यात धरू?
मीनल म्हणते, बेरीज कर आणि तिप्पट लिही.
तिप्पट लिहिलं. खोडलं.
दुप्पट लिहिलं.
लाजेनं कागदाला भोक पडलं.

अट दुसरी, निम्मे आगाऊ.
तिसरी, पेनड्राइव्ह घेऊन येऊ नये.
चौथी, भाचीच्या बारशाला "सहजच ये, कॅमेरा आण"
याला सहज म्हणत नाहीत.

पाचवीपाशी पेन थांबलं.

गेल्या महिन्यात चेंबूरहून गावंडबाई आल्या,
लेकीचा फोटो काढायला, स्थळांना पाठवायचा होता.
अबोली नाव. हसताना डावा डोळा आधी मिटायचा,
तोच फोटो निवडला आम्ही.
"थोडी उजळ करा," बाई म्हणाल्या,
"त्याचे वेगळे घ्या, आमचं काही नाही."
"दीडशे," मी म्हणाले.
पटकन. खोल आवाजात. नजर न वळवता.
आजवर तेवढाच एक दर
मला न अडखळता सांगता आलाय.

न्यायला अबोली एकटीच आली.
प्रिंट खिडकीपाशी धरून बघितली,
मग शेजारी स्वतःचा हात धरला.
"छान आलाय," म्हणाली. "कोण आहे?"
आणि हसली, डावा डोळा आधी मिटून.
दीडशे अजून कंपासपेटीत आहेत.
मोडवत नाहीत.

रात्री दीडला कागद पुरा झाला.
तिप्पट ठेवलं. भोकावर चिकटपट्टी लावली.
सकाळी मामाकडे दिला, पन्नास प्रती काढ.
मामा सगळं वाचतो, लोकांची मृत्युपत्रंसुद्धा.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"पाचवीत चूक आहे बघ.
'रंग गेल्यास जबाबदारी आमची.'
पुढचं 'नाही' राहिलंय."

"राहिलं नाही, मामा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे,
काच पुसली, झाकण पाडलं.
उजेडाची पट्टी पन्नास वेळा इकडून तिकडे गेली.
प्रतीला दोन रुपये,
शंभर मोजून घेतले त्यानं.