दोघांचं पाणी

गुदैबियात, चौथ्या मजल्यावर, सप्टेंबरात,
बाहेर कठड्याला अजून हात लावता येत नाही तेव्हा
लबनच्या रिकाम्या डब्यांना
मी दाभणाने बुडाशी भोकं पाडली.
आठ डबे. काटेरी वांग्याचं बी,
आत्येभावाने सातपूरहून दिलेलं,
पाकिटावर त्याचं अक्षर: खोल पुरू नकोस.

खिडकीत ऊन येतं ते समोरच्या इमारतीच्या काचेवरून,
उष्टं, तासा-दीड तासाचं.
नवव्या दिवशी एक हिरवा आकडा वर आला,
टरफलाची टोपी तशीच डोक्यावर.
मग सगळेच.

पहाटे कामावर निघताना मी पाणी घालायचो.
लिजो रात्रपाळीहून येऊन घालायचा,
मला न सांगता.
बाविसाव्या दिवशी रोपं
मातीलगत दोऱ्याएवढी झाली
आणि आडवी पडली.
रुसल्यासारखी नाही,
नुसती.

"मी तर रोज देत होतो," तो म्हणाला.
"मीही."
एसी टपकत राहिला बादलीत.

आता भिंतीवर सुपरमार्केटचं कॅलेंडर.
ज्याने पाणी दिलं त्याने खूण करायची.
डबे ताटात, पितात ते खालून.
टेबलफॅन एक नंबरवर, अर्धा तास:
देठांना हलायची सवय हवी.

आज माझ्या तारखेवर
लिजोने मल्याळममध्ये काहीतरी लिहिलंय,
गोल गोल, मला न कळणारं.
मातीत बोट घालून बघितलं.
ओल होती.
हातातला पेला
मीच पिऊन टाकला.